केनियाला यायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नैरोबीत राहायला आल्यापासून माझा एक अनुभव ठरलेला आहे. फेब्रुवारी संपत आला की फोन सुरू होतात. मावसभाऊ, जुन्या ऑफिसातले लोक, कुणाच्या तरी सोसायटीतले काका. प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. शुल्क आणि नियम इथे अधूनमधून बदलतात, तेव्हा पैसे भरण्याआधी आकडे सरकारी संकेतस्थळावर एकदा पडताळून घ्या.

मेच्या सुट्टीत यावं म्हणतोय. चालेल ना?

पहिला प्रश्न नेहमी हाच, आणि नेमका इथेच घोळ आहे. मार्च ते मे हा इथला मोठा पाऊस. ऑक्टोबर अखेरीपासून डिसेंबरपर्यंत छोटा पाऊस. म्हणजे आपली मेची सुट्टी मोठ्या पावसात जाते आणि दिवाळी उशिरा आली तर तीही छोट्या पावसात. विल्डबीस्ट या हरणांसारख्या मोठ्या प्राण्यांचे कळप मसाई मारा अभयारण्यात असतात साधारण जुलै ते ऑक्टोबर, तेव्हा मुलांच्या चाचणी परीक्षा चालू असतात.

मारातली माती काळी, कापसाची. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला यापुढे काही सांगायला नको. दोन तास पाऊस पडला की लँड क्रूझरसुद्धा चाकाच्या आसापर्यंत रुतते, मग दुसरी गाडी येऊन दोर लावेपर्यंत बसा. आम्ही एकदा दीड तास असे बसलो होतो. साठ-सत्तर पावलांवर चार म्हशी रवंथ करत आमच्याकडे बघत होत्या, आणि ड्रायव्हरने खाली उतरायला सक्त मनाई केली होती.

तरी मे अगदीच टाकाऊ नाही. लॉजचे दर उतरलेले असतात, गर्दी नसते, पाऊसही बहुतेक वेळा दिवसभर लागून राहत नाही. पण मला विचाराल तर जूनचे पहिले दोन आठवडे धरा. पाऊस ओसरलेला, शाळा अजून उघडायच्या आहेत, आणि माराचं प्रवेश शुल्क वर्षाच्या पहिल्या सहामाहीच्या दराने लागतं. परदेशी प्रौढ माणसाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर. चौघांचं कुटुंब दोन दिवस राहिलं तर या एका फरकात मोठी रक्कम वाचते. जानेवारी-फेब्रुवारीही कोरडे आणि छान असतात, शाळेची अडचण नसेल तर.

व्हिसा विमानतळावर मिळतो का?

नाही. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसाच रद्द केला आणि त्याऐवजी ऑनलाइन प्रवास परवानगी आणली. तिला सगळे ईटीए म्हणतात. मूळ शुल्क ३० डॉलर, वर थोडा प्रक्रिया खर्च. पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा. फोटो, विमानाचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग जोडावं लागतं. लहान मुलांचा अर्जही वेगळा भरायचा. परवानगी सहसा तीन-चार दिवसांत येते, पण दोन आठवडे हाताशी ठेवा आणि आलेला कागद छापून बरोबर घ्या.

सरकारी साइटसारख्या दिसणाऱ्या खासगी साइट भरपूर आहेत आणि त्या दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गो डॉट केई’ दिसल्याशिवाय कार्ड बाहेर काढू नका.

पीतज्वराची लस खरंच लागते, की एजंट उगाच घाबरवतात?

लागते, आणि मुख्यतः परत येताना लागते. केनिया पीतज्वराचा धोका असलेल्या देशांत मोडतो. तिथून भारतात येणाऱ्या प्रवाशाकडे लसीचं प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. सहल झकास झाली आणि शेवटचा आठवडा मुंबईत खोलीत कोंडून गेला, असं व्हायला नको.

लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते आणि बऱ्याच ठिकाणी आधी नाव नोंदवावं लागतं, म्हणून तिकीट काढलं त्याच आठवड्यात फोन करा. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं. एकदा घेतली की आयुष्यभर चालते, दहा वर्षांची जुनी मुदत २०१६ मध्ये रद्द झाली. पिवळ्या पुस्तिकेवरचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक तिथेच, खिडकी सोडण्याआधी तपासा. नऊ महिन्यांखालच्या बाळाला, गरोदर बाईला, अंड्याची ॲलर्जी असणाऱ्याला किंवा साठी ओलांडलेल्यांना घेऊन येणार असाल तर आधी डॉक्टरशी बोला.

मलेरियाच्या गोळ्या?

नैरोबी उंचावर असल्याने शहरात धोका कमी. किनारा, पश्चिम केनिया आणि मारा इथे मलेरिया आहे, आणि तो बहुतांशी फाल्सिपेरम, म्हणजे वाईट प्रकारचा. कुठली गोळी, कधीपासून, हे डॉक्टरच ठरवतील. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, अंगाला मच्छर पळवणारं मलम लावा. घरी परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना ‘केनियाला जाऊन आलो’ हे पहिल्याच वाक्यात सांगा.

आफ्रिका म्हणजे उकाडा असणार. स्वेटर कशाला?

महाबळेश्वर १,३५० मीटरवर आहे. नैरोबी जवळपास १,८०० मीटरवर. बाकी हिशेब तुम्हीच करा. जून ते ऑगस्ट इथे ढगाळ आणि गारठलेलं असतं, रात्री पारा दहा-बाराच्या घरात. सफारी निघते पहाटे सहाला, उघड्या टपाच्या गाडीतून. पुण्याहून आलेले एक काका ‘आम्हाला सवय आहे’ म्हणत सदऱ्यावर निघाले आणि अर्ध्या तासात त्यांनी लॉजच्या पलंगावरची मसाई शाल गुंडाळून घ्यायला परत गाडी फिरवायला लावली. कानटोपी आणा. मोम्बासाला मात्र अगदी आपल्या कोकणासारखा दमट उकाडा, तिथे सुतीच हवं.

रंग फिके घ्या. गडद निळ्या-काळ्या कपड्यांकडे त्सेत्से माशी ओढली जाते, आणि ती कपड्यावरूनही चावते.

रुपये चालतात का? किती रोकड आणू?

रुपये नाहीत. डॉलर आणा आणि नोटा कोऱ्या, नव्या मालिकेच्या घ्या, जुन्या किंवा फाटक्या नोटा नाकारतात. इथलं चलन केनियन शिलिंग. हॉटेलांत, मॉलमध्ये कार्ड चालतं.

पण इथला खरा कारभार चालतो एम-पेसावर. आपल्याकडे यूपीआय यायच्या कितीतरी आधी, २००७ मध्ये, मोबाईलवरून पैसे पाठवायची ही सोय सफारीकॉम कंपनीने सुरू केली. त्याला ना बँक खातं लागतं, ना स्मार्टफोन. साध्या बटणांच्या फोनवरून भाजीवाली पैसे घेते. पासपोर्ट दाखवून सफारीकॉमचं सिम घ्या, दुकानातच एम-पेसा चालू करून त्यात रोकड भरा. टॅक्सी, रेल्वेचं तिकीट, रस्त्यावरचं कणीस, सगळं त्यातून होतं. राष्ट्रीय उद्यानांचं शुल्क सरकारी पोर्टलवरून ऑनलाइनच भरावं लागतं, फाटकावर नोटा घेऊन उभं राहण्यात अर्थ नाही.

सात दिवसांत मारा, अंबोसेली, नाकुरू, नैवाशा, मोम्बासा आणि जमलं तर माउंट केनिया. कसं बसवू?

बसवू नका. अशा सहलीत तुम्ही प्राणी कमी आणि गाडीच्या पुढच्या सीटची पाठ जास्त बघता. नैरोबीहून मारा पाच ते सहा तास. त्यात रिफ्ट व्हॅलीच्या कड्यावरचा थांबा आहे. समोर जमीन एकदम खाली जाते, दरीत लोंगोनोट ज्वालामुखीचा शंकू दिसतो. आपल्याकडच्या घाटमाथ्याची आठवण येते, फक्त पलीकडे कोकणाऐवजी दुसरा कडा. वाटेतलं नारोक सोडलं की काही फाटकांकडचा शेवटचा टप्पा खडबडीत असतो. एवढं जाऊन एकच रात्र राहणं म्हणजे पैसे पाण्यात. मारात किमान तीन रात्री राहा.

सात दिवसांत मी असं करेन: एक दिवस नैरोबी, तीन रात्री मारा, दोन रात्री नैवाशा. नैवाशात पाणघोडे संध्याकाळी थेट हॉटेलच्या हिरवळीवर चरायला येतात, आणि जवळच्या हेल्स गेट उद्यानात झेब्र्यांच्या मधून सायकल चालवता येते. गाडीत बसून कंटाळलेली मुलं तिथे सुटतात. फ्लेमिंगोंसाठी नाकुरूला जायचा हट्ट मात्र धरू नका. सरोवराचं पाणी गेल्या काही वर्षांत इतकं वाढलं की बरेचसे पक्षी बोगोरिया आणि इतर तळ्यांकडे गेले. नाकुरूला जायचं ते गेंड्यांसाठी.

हत्ती आवडत असतील तर माराला जोड द्या अंबोसेलीची. मागे किलिमांजारो, ५,८९५ मीटर. पर्वत टांझानियात, पण फोटो इकडून चांगला येतो. तोही सूर्योदयाच्या आसपास, कारण नऊ वाजले की ढगांत गडप. एकदा आम्ही दोन दिवस फक्त त्याच्या पायथ्याचा पट्टा पाहिला आणि तिसऱ्या पहाटे चहाचा कप हातात असताना अख्खं शिखर, बर्फासकट, अचानक समोर. लॉजमधले वेटरसुद्धा ट्रे ठेवून बघत उभे राहिले.

नैरोबीच्या एका दिवसात पहाटे नैरोबी नॅशनल पार्क करा. ११७ चौरस किलोमीटरचं, १९४६ पासूनचं उद्यान, शहराला चिकटून. सिंहामागे उंच इमारती दिसतात. मग अकराला हत्तीच्या अनाथ पिल्लांना दूध पाजतात ते केंद्र, आधी बुकिंग करून. गेंड्यांत मन गुंतलं असेल आणि वेळ असेल तर नान्युकीजवळचं ओल पेजेटा अभयारण्य. जगातल्या शेवटच्या दोन उत्तरी पांढऱ्या गेंडिणी, नाजिन आणि फातू, मायलेकी, तिथे आहेत. शेवटचा नर सुदान मार्च २०१८ मध्ये गेला.

नदी ओलांडणारे विल्डबीस्टचे कळप दिसतीलच ना?

हमी कोणी देत असेल तर तो एजंट बदला. कळप काठावर येतो, पाच तास उभा राहतो आणि मागे वळून निघून जातो. का, ते त्यांनाच ठाऊक.

आम्ही पक्के शाकाहारी. उपाशी मरणार का?

उलट. गुजराती मंडळी इथे चार-पाच पिढ्यांपासून आहेत. नैरोबीच्या पार्कलँड्स भागात पाणीपुरीपासून थाळीपर्यंत सगळं मिळतं. सफारी लॉजनाही भारतीय पाहुण्यांची सवय आहे. बुकिंग करतानाच ‘मांस, मासे, अंडं नाही’ असं चार शब्दांत लिहा, कारण नुसत्या ‘व्हेज’मध्ये अंडं बसतं.

पण डाळ-भात शोधत बसण्याआधी इथलं खाऊन बघा. नडेंगु म्हणजे चक्क मुगाची आमटी, आणि ती चपातीबरोबर खातात. चपातीच म्हणतात तिला, फक्त ती मैद्याची, जाड, पदर सुटलेली आणि तेलात भिजलेली. उगाली हा मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा, त्याबरोबर चिरून परतलेली सुकुमा विकी नावाची पालेभाजी. सुकुमा विकी म्हणजे ‘आठवडा ढकल’. महिनाअखेरीला खिसा हलका झाला की हीच भाजी, म्हणून हे नाव. गिथेरी म्हणजे मक्याचे दाणे आणि राजमा. भाजीत मांसाचं पाणी घातलंय का, एवढं विचारून घ्या. मोम्बासाला बेसनात बुडवून तळलेले बटाटे मिळतात, वर चिंचेची चटणी. बटाटेवड्याचा लांबचा नातेवाईक.

रस्त्यावर निखाऱ्यावर भाजलेलं कणीस, लिंबू-तिखट चोळून. सिंहगडाच्या पायथ्याशी उभं असल्यासारखं वाटतं. मक्याला इथे ‘महिंदी’ म्हणतात आणि भारतीय माणसाला ‘म्हिंदी’. सुरुवातीला मला वाटायचं, कणीसवाली मलाच हाका मारतेय.

नळाचं पाणी पिऊ नका.

चिवडा, लाडू, थेपले आणले तर चालतील?

खाऊ आणा, पण तो कॅरीबॅगमध्ये बांधून नको. २८ ऑगस्ट २०१७ पासून केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि कायद्यातला दंड ४० लाख शिलिंगपर्यंत जातो. पर्यटकाला कोणी तुरुंगात टाकत नाही, पण विमानतळावर पिशव्या काढून ठेवायला लावतात, ड्यूटी फ्रीची पिशवीसुद्धा. माझ्या आत्याच्या बॅगेतून एकात एक घातलेल्या अकरा पिशव्या निघाल्या होत्या. चकल्या, शेव, मेतकूट, सगळं तिथल्या स्टीलच्या टेबलावर मांडून ठेवलं आणि मग ओढणीत बांधून बाहेर आणलं. डबे आणि कापडी पिशव्या आणा. राष्ट्रीय उद्यानांत २०२० पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्याही चालत नाहीत, तेव्हा आपली बाटली हवीच.

मोम्बासाला विमानाने जावं की रेल्वेने?

एकदा तरी रेल्वेने. माडाराका एक्स्प्रेस ३१ मे २०१७ ला सुरू झाली. साधारण पाच-सहा तास लागतात, साधं तिकीट १,५०० शिलिंग, पहिला वर्ग ४,५००. तिकीट आधी ऑनलाइन काढा, शनिवार-रविवारच्या आसपास गाडी भरलेली असते. स्टेशनवर तासभर आधी जा. सगळ्या बॅगा फलाटावर ओळीने ठेवायला लावतात आणि कुत्रा हुंगत फिरतो, त्यानंतर विमानतळासारखं मशीन. आणि स्टेशन शहराबाहेर आहे, सकाळच्या वाहतुकीत टॅक्सी अडकू शकते.

वाट त्सावो राष्ट्रीय उद्यानातून जाते. खिडकीतून तांबडे हत्ती दिसतात, तिथली लाल माती अंगावर उडवून घेतलेले. याच त्सावोत १८९८ मध्ये दोन सिंहांनी पुलाचं काम बंद पाडलं होतं. जुनी रेल्वे १८९६ मध्ये मोम्बासाहून निघाली आणि १९०१ मध्ये व्हिक्टोरिया सरोवराला भिडली. त्या कामासाठी सुमारे ३२,००० मजूर हिंदुस्थानातून, बहुतेक पंजाबातून आणले होते. अडीच हजारांच्या आसपास इथेच मेले. राहिले त्यांच्या आणि मागून आलेल्या व्यापाऱ्यांच्या वंशजांना केनिया सरकारने २०१७ मध्ये देशाची ४४वी जमात म्हणून मान्यता दिली.

मोम्बासात फोर्ट जीझस चुकवू नका. पोर्तुगीजांनी १५९३ मध्ये बांधायला घेतला, आणि त्याचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली होता. वसईचा किल्ला पाहिलेल्याला बुरूज ओळखीचे वाटतील. मोम्बासाच्या एका राजपुत्राला, युसुफला, लहानपणी गोव्याला नेऊन ख्रिस्ती केलं, डॉम जेरोनिमो असं नाव दिलं आणि पुढे इथल्या गादीवर बसवलं. १६३१ मध्ये त्यानेच उठाव करून हा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला.

मारातून पलीकडे टांझानियातल्या सेरेंगेटीला जाता येतं?

प्राण्यांना येतं. तुम्हाला नाही. आतून पर्यटकांसाठी रस्ता बंद आहे, इसेबानिया किंवा नमांगा नाक्यावरूनच जावं लागतं आणि टांझानियाचा व्हिसा वेगळा. १०० डॉलरचा पूर्व आफ्रिका पर्यटक व्हिसा केनिया, युगांडा आणि रवांडा या तीनच देशांना चालतो.

सुरक्षित आहे का? खरं सांग.

सफारीवर काळजी नाही. नैरोबीत आपल्या कुठल्याही मोठ्या शहरापेक्षा थोडी जास्त सावधगिरी हवी. अंधार पडल्यावर पायी फिरू नका, जवळ असलं तरी ॲपवरून टॅक्सी मागवा. सिग्नलला गाडीची काच वर ठेवा, मोबाईल खिडकीतून ओढून नेतात. माझा गेलाय. मूळ पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत, प्रत खिशात. जून २०२४ मध्ये करांविरुद्ध मोठी आंदोलनं झाली आणि तेव्हापासून २५ जूनच्या आसपास शहराच्या मध्यभागी वातावरण तापतं, त्या दिवसांत तिकडे जाऊ नका. सोमालियाच्या सीमेकडचा भाग पर्यटकांसाठी नाहीच. पोलीस, विमानतळ, सरकारी इमारती यांचे फोटो काढू नका. माणसांचे विचारून काढा. ड्रोन घरी ठेवा. तातडीला ९९९ किंवा ११२.

वेळ किती मागे?

आपल्यापेक्षा अडीच तास. पण आणखी एक गंमत आहे. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, पंचांगातल्या घटकांसारखे. सकाळी सातला ‘सा मोजा’, म्हणजे एक वाजला. नळदुरुस्तीवाल्याने मला ‘सा तातू’ सांगितलं, मी तीन वाजता घरी आलो. तो नऊला येऊन गेला होता. इंग्रजीत सांगितलेली वेळ आपलीच.

भाषेचं काय?

इंग्रजी सगळीकडे चालते. स्वाहिली मात्र ऐकत राहा: दुकानाला ‘डुका’, गाडीला ‘गारी’, पैशाला ‘पेसा’, विम्याला ‘बिमा’, लाखाला ‘लाकी’, कोशिंबिरीला ‘काचुंबारी’.

आई-बाबा सत्तरीचे आहेत. झेपेल?

पाठ आणि गुडघे कसे आहेत त्यावर. मारातल्या हादऱ्यांना इथले ड्रायव्हर हसत हसत ‘आफ्रिकन मसाज’ म्हणतात, पण मणक्याचा त्रास असलेल्याला त्यात हसण्यासारखं काही नाही. अशांना विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने न्या, पाऊण-एक तासात मारा. सामान हातातल्या पिशवीसकट १५ किलो, तेही मऊ बॅगेत, चाकांची कडक सूटकेस घेत नाहीत. गाडी आपल्यापुरती घ्या, सहा अनोळखी लोकांबरोबरची नको, म्हणजे हवं तेव्हा मागे फिरता येतं. लघवीसाठी झुडपामागे जायची वेळ येते, ड्रायव्हर आधी जागा बघून देतो. हे आईला आधीच सांगून ठेवा.

ड्रायव्हरला टिप?

गाडीमागे दिवसाला १० ते २० डॉलर, शेवटच्या दिवशी एकदम.

चार्जर?

तीन चौकोनी पिनांचा, ब्रिटिश पद्धतीचा. अडॅप्टर आणाच.

आणि तुझ्यासाठी काय आणू?

गोडा मसाला. स्टीलच्या डब्यात.